बरोबर कललेली पृथ्वी

१

सकाळचा उजेड आमच्या कारखान्यात एकदम शिरत नाही. आधी तो पूर्वेच्या खिडकीच्या वरच्या काचेवर येऊन नुसता थांबतो, एखादा भिडस्त पाहुणा दाराशी पाय पुसत रेंगाळावा तसा. मग खळीच्या पातेल्याच्या काठाला लागतो, बरणीत उभ्या ठेवलेल्या ब्रशांच्या दांड्यांवरून उतरतो, आणि बऱ्याच उशिराने छताखालच्या तारेवर वाळत टांगलेल्या गोलांपाशी पोहोचतो. त्या मंगळवारी तारेवर तेवीस गोल होते. त्यांच्यावर अजून ना समुद्र होते ना देश. कागदाच्या लगद्याचे, वरून खडूचा थर दिलेले, पांढरे आणि आंधळे. उजेड प्रत्येकाच्या एका कुशीवर पडला होता आणि दुसरी कुशी काळोखात होती. तेवीस पहाटा आणि तेवीस रात्री एकाच तारेला टांगलेल्या. वाऱ्याच्या झुळकीने एखादा गोल सावकाश फिरला की त्याच्यावरची पहाट सरके, आणि जिथे कुठलाच देश अजून छापलेला नव्हता तिथे सकाळ होई. मी बराच वेळ ते पाहत उभा राहिलो. खाली टेबलाशी तिघे बसले होते आणि त्यांच्यापैकी कोणीही बोलत नव्हतं, हे उभं राहण्याला पुरेसं कारण होतं.

आमचा कारखाना म्हणजे दोन मजले आणि एक जिना. इथे शाळांसाठी पृथ्वीचे गोल तयार होतात. बाबा ते घडवतात, काका ते विकतात, आणि मावशी त्यांच्यावर जग चिकटवते. मावशी आमच्या नात्याची नाही. ती पंचवीस वर्षांपूर्वी कामाला आली आणि हळूहळू तिचं नाव मागे पडून मावशी तेवढं उरलं. बाबांना जन्मापासून ऐकू येत नाही.

मी इथे राहत नाही. टेलिफोनच्या कचेरीत, बिलांच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीत बसतो आणि जवळच एका खोलीत राहतो. त्या सकाळी मला काकांनी बोलावून घेतलं होतं.

"आलात साहेब?" काका म्हणाले. "बसा. तुमच्या कचेरीचं प्रेमपत्र आलंय, वाचा."

बिल चार पानांचं होतं. एरवी ते अर्ध्या पानात आटपतं. शेवटच्या तीन पानांवर एकच परदेशी नंबर पुन्हा पुन्हा छापलेला होता, समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटाचा. महिन्याभरात अठरा फोन. रक्कम साठ गोलांच्या किमतीइतकी.

"चूक असेल," मी म्हणालो.

"असं तुम्ही खिडकीतून रोज सांगता का लोकांना?"

"नाही. तिथे सांगतो, चूक तुमचीच असेल."

मावशी हसली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती. खळीने पांढऱ्या पडलेल्या नखांचे ते हात एकमेकांत घट्ट धरलेले होते, म्हणजे आमच्या घरच्या हिशेबाने ती तोंड मिटून बसली होती.

"चूक नाही," काका म्हणाले. "सगळे फोन दुपारी दोन ते चारमधले आहेत. तेव्हा मी शाळांच्या फेरीवर असतो. घरात दोनच माणसं. एकाला फोन करता येत नाही. दुसरीची मुलगी समुद्रापलीकडे आहे. मी काही गुप्तहेर नाही, पण दोनातून एक वजा करता येतं मला."

बाबांनी काकांच्या ओठांकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि भुवया उंचावून हवेत बोटं फिरवली. मावशीने मांडीवरचे हात सोडवले, त्यांना हातांनीच काही उत्तर दिलं आणि किंचित हसली. काय दिलं ते मी पाहिलं नाही. माझं लक्ष बिलाकडे होतं. बाबा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले, मग कात्री उचलून गोलावर चिकटवायच्या नकाशाच्या फाका कापू लागले.

"बाईंना मी सकाळीच सांगितलंय," काका खाली बघत म्हणाले, "सोमवारपासून यायचं नाही."

२

मला पाच दिवस होते. मी काकांपासून सुरुवात केली, कारण ते बोलतात. शांततेला ते घरातल्या गळक्या नळासारखं वागवतात. दिसली की लगेच उठून बंद करायची.

"तू माझ्यावर संशय घेतोयस का रे?" ते पेट्यांना दोर बांधत म्हणाले. "घे बाबा. एवढ्या वर्षांत कोणी माझ्यावर कसलाच संशय घेतला नाही, जरा बरं वाटेल."

"दुपारी तुम्ही खरंच फेरीवर असता?"

"मुख्याध्यापिकाबाईंना विचार. त्यांना माझा चेहरा इतका पाठ झालाय की बघितल्याबरोबर नाही म्हणतात."

"फोनला कुलूप होतं ना?"

"काढलं, कॉम्प्युटर आल्यावर. तुझ्या बाबांच्या त्या यंत्राला तीच लाइन लागते. रोज दुपारी बसतात तिथे. शाळेच्या कुठल्या चिमुरडीने पत्र पाठवलं, तुमच्या गोलावर अमुक बेटं नाहीत म्हणून. तेव्हापासून बेटं शोधतायत. मी म्हटलं शोधा. दुपारी मला फोन लागत नाही, एवढंच माझं नुकसान."

त्यांनी गाठ मारली, पुन्हा सोडली.

"मला आनंद होतोय असं वाटतं का तुला? आजारी पडलो तेव्हा बाईंनी माझं केलंय. पण विचारलं तर म्हणतात, मला ठाऊक नाही. अरे, सांगून टाका ना! 'मुलीची आठवण आली, केले फोन.' मी भरले असते पैसे. खोटं नको."

"तुम्ही त्यांना काय विचारलंत?"

"हेच. की का केलेत."

मी वहीत लिहिलं: दुपार, लाइन एकच, कुलूप नाही. मला माझ्या नोंदींचा अभिमान असतो. माणसांशी बोलताना मान खाली ठेवायला त्या फार सोयीच्या पडतात.

बाबांचीही जबानी घ्यायला हवी होती. ते उत्तर ध्रुवाची टोपी बसवत होते. पाकळीएवढा तो गोल कागद जरा सरकला तर बाराही फाकांचे सांधे उघडे पडतात. मी पाटीवर लिहिलं, "दुपारी फोनपाशी कोणी असतं का?" बाबांना लिहितावाचता येतं, पण लिहिणं त्यांना दुसऱ्याच्या बुटांत पाय घालून चालण्यासारखं वाटतं. त्यांनी पाटी वाचली, नकारार्थी मान हलवली, आणि मग हात पुसून हातांनीच बराच वेळ काही सांगितलं. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं बोलत होतं. मी मान डोलावली. खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर येत होतं, शिवाय कचेरीची वेळ झाली होती. ही हातांची भाषा बाबांनी आणि आईने मिळून बनवलेली. कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मी सहा वर्षांचा असताना आई गेली आणि मला शिकायला दूर ठेवलं, चौदा वर्षं. मला ती भाषा येते. सवय गेली आहे, एवढंच.

जिन्यावरून खाली येताना मागून मावशीचा आवाज आला.

"मला नाही विचारायचं काही?"

३

वाळवणीची खोली वरच्या मजल्यावर आहे. तिथे मोठा पंखा दिवसभर चालतो आणि व्हार्निशचा वास डोळ्यांत उतरतो. मावशी एका गोलावर शेवटच्या खुणा करत होती. छापील नकाशात न मावलेली बेटं ती हाताने काढते. ब्रशाचा एकच केस ठेवून बाकीचे मुठीत दाबून धरायचे आणि टेकवायचं. श्वास रोखून.

"ते बेट दाखव," मी म्हणालो.

तिने गोल फिरवला आणि नखाने निळ्यात एक ठिपका दाखवला. "हे बघ. पंचवीस वर्षं काढतेय. रंगाचा शिंतोडा उडाला तरी याच्याहून मोठा असतो. तिथे माझं कोण बसलंय, राजा?"

"तुझी मुलगी?"

"ती इकडे." गोल अर्धा फिरला. "पूर्ण दुसऱ्या बाजूला. आणि ती मला करते फोन, शेजारणीकडे, रविवारी सकाळी. मी तिला दुपारी कशाला करू, तेव्हा तिच्याकडे मध्यरात्र असते."

"मग तू बिलाबद्दल काकांना सांगितलं का नाहीस हे?"

"त्यांनी विचारलं नाही."

पंखा फिरत होता. मी वही चाळली. "दुपारी तू कुठे असतेस?"

"इथेच. खाली तुझे बाबा यंत्रापाशी. चारला मी उतरते, चहा करते."

"खालचं काही ऐकू येतं?"

"पंख्यापुढे काय ऐकू येणार! हां, ती पेटी तेवढी किंचाळते. यंत्राशेजारची, दिवे लुकलुकतात ती. मेली मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखी. पूर्वी एकदा किंचाळून गप्प बसायची. आताशा दोनदा किंचाळते."

मी ते लिहून घेतलं आणि विसरलो.

"आणि तू ते फोन कधी केलेस, म्हणजे," मी चाचरलो, "तू केले असतेस तर, साधारण कुठल्या..."

तिने ब्रश खाली ठेवला. मी पाहिलं की तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"जा," ती म्हणाली. "कचेरीला उशीर होईल."

दारापाशी मी विचारलं, "बाबांना ठाऊक आहे? सोमवारचं?"

"मी त्यांना सांगितलंय, मुलीने बोलावलंय म्हणून जातेय. परवा टेबलाशी विचारत होते ना, काय झालं म्हणून." ती ब्रश धुवायला वळली. "ते भावावर चिडले तर या घरात कोण कोणाशी बोलणार? तू होतास की तिथे समोर. पाहिलं नाहीस का, मी काय सांगितलं ते?"

४

गुरुवारी दुपारी माझ्या खिडकीसमोर कोणी नव्हतं, तेव्हा मी तो नंबर फिरवला.

कचेरीच्या फोनवरून परदेशी नंबर लावायला परवानगी लागते. मी ती घेतली नाही. लहानपणापासून मी नियम मोडलेला आठवत नाही, आणि नंबर लागेपर्यंत कानातल्या त्या पोकळ खरखरीत मला स्वतःच्या छातीचे ठोके मोजता आले. मी मनात वाक्य तयार केलं होतं: क्षमा करा, आपण कोण? तिकडे फोन उचलला गेला. मी तोंड उघडलं.

पलीकडून एक किंकाळी आली. लांब, चिरकी, मग तिच्यावर दुसरी, मग वाळू चाळल्यासारखी सरसर. मी रिसीव्हर कानापासून दूर धरला.

"कोणी शिव्या दिल्या का?" मागून तारमामांनी विचारलं. तारमामा आमच्या कचेरीतले सर्वांत जुने तंत्रज्ञ. त्यांचे खिसे नेहमी तारांच्या तुकड्यांनी भरलेले.

मी रिसीव्हर त्यांच्यापुढे केला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, गाणं ऐकावं तसं.

"हे माणूस नाही," ते म्हणाले. "यंत्र आहे. दुसऱ्या यंत्राची वाट बघतंय."

अठरा वेळा, कधी दहा तर कधी चाळीस मिनिटं, आमच्या घरातून कोणीतरी या किंकाळीशी बोलत होतं. मावशी मुलीशी बोलत नव्हती हे नक्की. पण मग कोण, आणि काय?

"मामा, मला आमच्या लाइनची पूर्ण नोंद हवी. बिलात येत नाहीत ते स्थानिक फोनसुद्धा, सेकंदासकट."

"अर्ज?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तू? विनाअर्ज?" आणि मग हळूच, "घरचं आहे का रे?"

मी मान हलवली. ते जिना चढून गेले आणि तासाभराने कागदाची लांब पट्टी घेऊन आले. मी ती मेजावर पसरली, पट्टी मेजाखाली लोंबली, आणि तिसऱ्या ओळीशीच माझं बोट थांबलं.

बेटाचा फोन सुरू होण्याआधी, अठराच्या अठरा वेळा, त्याच लाइनवरून इंटरनेटच्या कंपनीला लावलेला एक स्थानिक फोन बंद झाला होता.

यंत्रावर बसणारा माणूस घरात एकच होता. आणि त्याला फोन म्हणजे काय हेसुद्धा, आम्ही रिसीव्हरपुढे ओठ हलवतो ते नुसतं पाहूनच माहीत होतं.

५

शुक्रवारचा पूर्ण दिवस मी त्या पट्टीबरोबर घालवला. लोक खिडकीशी येत, मी त्यांच्या तक्रारी लिहून घेई, आणि मेजाखाली गुडघ्यांवर ती पट्टी असे.

काकांचं म्हणणं मला आधीच ऐकू येत होतं: बाई वर टपून बसत असणार. दादाचं आटपलं की उतरून फोन उचलायच्या. यावर माझ्याकडे उत्तर हवं होतं, आणि ते त्या पट्टीतच होतं. मी फक्त दोन फोनांमधलं अंतर मोजायला हवं होतं. मोजलं. एकवीस सेकंद. पुढचं एकवीस. त्याच्या पुढचं वीस. अठरा ओळी, आणि सगळीकडे वीस किंवा एकवीस.

माणूस इतका नेमका नसतो. माणूस जिना उतरताना एकदा पदर अडकून थांबतो, एकदा चष्मा विसरतो, एकदा बेटाचा नंबरच चुकवतो. मावशी तर साखर शोधायला तीन डबे उघडते. एकवीस सेकंदांत न चुकता फोन ठेवणारा आणि लावणारा हात हाडामांसाचा नव्हता.

तेव्हा मला वहीतली ओळ दिसली. पूर्वी एकदा किंचाळायची, आताशा दोनदा.

पहिली किंकाळी इंटरनेटची. ती लाइन कोणीतरी तोडत होतं, आणि पेटी पुन्हा किंचाळत होती, या वेळी समुद्रापलीकडच्या यंत्राशी जुळताना. ऐकू येणारा कोणीही माणूस यंत्रापाशी बसला असता तर पहिल्याच दिवशी दचकून उठला असता. हा बदल अठरा वेळा निर्धोकपणे व्हायला एक गोष्ट लागत होती: समोर बसलेल्याला ती किंकाळी ऐकू न येणं. पेटीवरचे दिवे मात्र दोन्ही वेळा सारखेच लुकलुकतात.

मी तारमामांना गाठलं. त्यांनी एक तार दातात धरून ऐकून घेतलं.

"असतात असले प्रोग्राम," ते म्हणाले. "गेल्या वर्षीपासून यायला लागलेत. इंटरनेटवर एखादं पान बघताना खिडकी उघडते, हो म्हणा म्हणते. हो म्हटलं की यंत्रात उतरून बसतात आणि मग आपली लाइन तोडून महागड्या नंबरला लावतात. त्या पैशांत त्यांचा वाटा. पण मनाने नाही सुरू होत सगळे. बरेचसे कोणीतरी दाबावे लागतात. रोज."

"रोज?"

"अठरा वेळा म्हणालास ना? मग अठरा वेळा कोणीतरी विश्वासाने दाबलंय."

मी खोलीवर न जाता सरळ घरी गेलो आणि काकांना म्हणालो, "उद्या दुपारी फेरीला जाऊ नका."

६

शनिवारी दोन वाजता आम्ही तिघे यंत्राच्या मागे उभे राहिलो: मी, काका, आणि वरचा पंखा बंद करून खाली आलेली मावशी. बाबांना मी पाटीवर लिहून दिलं होतं, "तुम्ही बेटं कशी शोधता ते बघायचंय." ते इतके खूश झाले की त्यांनी स्वच्छ शर्ट घातला.

पेटी किंचाळली. काकांनी कान झाकले. दिवे लुकलुकले, स्थिर झाले. बाबांनी आमच्याकडे वळून पाहिलं, एखादा जादूगार रिकामी टोपी दाखवतो तसं, आणि मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका लहानशा चित्राकडे बाण नेला. निळ्या पृथ्वीचं चित्र होतं ते. गोलांच्या कारखान्यातल्या यंत्रावर गोलाचं चित्र. काकांनी, मी, सर्वांनी ते शंभरदा पाहिलं असेल आणि आमचंच समजून सोडून दिलं असेल.

बाबांनी ते दाबलं.

पेटीत टक् झालं. शांतता. मी मनात मोजत होतो. विसाव्या आकड्याला पेटीतून नंबर फिरू लागला, लांबच लांब, कुठल्याही स्थानिक नंबरपेक्षा लांब, आणि मग ती दुसरी किंकाळी आली.

"हे काय?" काका म्हणाले.

"हाच तो फोन, काका. एकोणिसावा."

बाबांनी काहीच ऐकलं नव्हतं. पडद्यावर एका किनाऱ्याचा फोटो वरून खाली, ओळीओळीने उतरत होता. आधी आकाश, मग माडांचे शेंडे, मग पाणी. ते त्या पाण्याकडे बोट दाखवत आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहत होते. मी वाकून भिंतीतली तार उपसली. फोटो अर्ध्यावर थांबला आणि बाबांचं हसू त्याच्याबरोबर.

मी सगळं सांगितलं. वीस सेकंद, दोन किंकाळ्या, त्या बेटावरचं यंत्र. मी काकांना सांगत होतो आणि मावशी ते बाबांसाठी हातांनी सांगत होती. मग बाबांचे हात चालू लागले आणि मावशी आमच्यासाठी बोलू लागली.

"ते म्हणतायत, त्या चिमुरडीची बेटं शोधताना एक खिडकी उघडली. तिच्यावर हे चित्र होतं. अक्षरं परकी होती." बाबांना जगातल्या हरेक बंदराचं नाव वाचता येतं, त्या भाषांतलं एक वाक्य वाचता येत नाही. "म्हणतायत, इतरांच्या चित्रांत पृथ्वी सरळ उभी असते, नाहीतर उलट्या बाजूला कललेली. जाहिरातीत, पाटीवर, सगळीकडे चूक. याच्यात कल बरोबर होता. कोनमापक लावून बघितला म्हणे पडद्यावर. ज्याने एवढं बरोबर काढलंय तो माणूस लबाड कसा असेल, असं वाटलं त्यांना. म्हणून रोज त्याच्याच दाराने जायचे."

काका खुर्चीवर बसले.

"दादाला सांगा," ते म्हणाले, "पैसे गेले तर जाऊ देत."

"रद्द होतील," मी म्हणालो. "माझी नोंद आणि मामांची पट्टी जोडून अर्ज करतो. बहुतेक होतील."

"आणि बाई," काका उठून उभे राहिले. "माझं चुकलं. सोमवारी नेहमीसारख्या या. म्हणजे, कृपा करून या."

मावशीने मान हलवली नाही, होकारार्थीही नाही आणि नकारार्थीही. "मी मुलीला कळवून टाकलंय," ती म्हणाली. "येते म्हणून."

७

"पण आता सगळं उलगडलं ना!" काका म्हणाले.

"उलगडलं की. हुशार आहे आमचा साहेब." तिने माझ्या खांद्यावर थोपटलं. "पण भाऊ, पंचवीस वर्षं मी या घरात आहे, आणि पाच दिवसांत एकाने विचारलं नाही की बाई, तुम्ही केलेत का फोन. तुम्ही विचारलंत, 'का केलेत?' यानं विचारलं, 'कधी केलेस?' चोर सापडला नसता तर?"

मावशीने बाबांना काय कारण दिलंय ते मी काकांना सांगून ठेवलं होतं. काकांनी काहीतरी पुटपुटून पाटी ओढली आणि बाबांसाठी भराभरा लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं: बाईंना मीच काढलं होतं. बिलावरून. त्या आपणहून मुलीकडे जात नव्हत्या. आता थांबव.

बाबांनी ते दोनदा वाचलं. भावाकडे पाहिलंही नाही. ते मावशीसमोर गेले आणि हात वर केले. मावशी वळली आणि मोरीपाशी जाऊन ब्रश धुऊ लागली. ते वळसा घालून तिच्या दुसऱ्या बाजूला गेले. ती तिकडूनही वळली. आमच्या घरात पाठ फिरवणं म्हणजे कानांवर हात ठेवणं. नळ वाहत होता, ब्रश स्वच्छ झाले होते, तरी ती धूत होती, आणि तिचे खांदे हलत होते.

तेव्हा बाबा माझ्याकडे आले.

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं, मावशीच्या पाठीकडे बोट केलं, मग माझ्या ओठांना एक बोट टेकवलं. तू सांग. एवढं कोणालाही कळलं असतं. मग त्यांचे हात बोलू लागले. छातीपासून सुरू होऊन ते बाहेर गेले, परत आले, काहीतरी गोल धरलं, फिरवलं, दोन बोटं एकमेकांजवळ आली आणि थांबली. मी पाटी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली; जे ते म्हणत होते ते त्यांना लिहिता येणार नव्हतं. ते पुन्हा पहिल्यापासून म्हणाले, अधिक हळू, लहान मुलाला सांगावं तसं. त्यांचे डोळे भरले होते. खिडकीतून ऊन येत नव्हतं. मला कुठे जायची घाई नव्हती. त्यांच्या हातांवर खळ नव्हती, आणि उजेड इतका स्वच्छ होता की प्रत्येक बोट वेगळं दिसत होतं.

काका माझ्याकडे बघत होते. "सांग ना रे," ते म्हणाले. "काय म्हणतोय दादा?"

मी मोरीच्या दिशेने, त्या हलणाऱ्या पाठीकडे पाहून तोंड उघडलं. थांबा म्हणतायत, असं काहीतरी मी सहज म्हणू शकलो असतो. आणि ते बहुधा खोटंही नसतं. पण बाबांचे हात थांबले होते आणि ते माझ्या ओठांकडे पाहत होते, त्यांचं वाक्य तिथून जसंच्या तसं बाहेर पडेल अशा भरवशाने.

"मावशी," मी म्हणालो, "बाबा काय म्हणतायत ते मला कळत नाही. मला त्यांची भाषा येत नाही."